ब्लर केलेला नंबर तरीही वाचता येतोय?

फोनवर आधारचा फोटो काढला, कुठल्याशा साइटवर नेऊन नंबरवर ब्लर मारला, स्क्रीनवर बघून खात्री केली आणि एजंटला पाठवला. एजंटने तो कॉम्प्युटरवर उघडला तर आकडे सरळ वाचता येतायत. किंवा त्याहून वाईट, ब्लरच नाही, कोरा करकरीत फोटो. ऐरोलीत झेरॉक्स, स्कॅन आणि ऑनलाइन फॉर्मच्या धंद्यात ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिची कारणं आता तोंडपाठ झाली आहेत. माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये नव्याने लागलेली, घणसोली-रबाळ्यात खोली शोधणारी मुलं एकच कार्ड सतरा जणांना पाठवत असतात: लीव्ह अँड लायसन्सला, पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदीला, सोसायटीच्या फॉर्मला, कंपनीच्या जॉइनिंगला. फोटोशॉप त्यांच्यापैकी कुणाकडे नसतं आणि या कामाला ते लागतही नाही.

घाईत असाल तर एवढं करा. आकडे आणि अक्षरं ब्लर करू नका, त्यांवर गच्च काळी पट्टी मारा. आणि तपासायची ती डाउनलोड झालेली फाइल, साइटवर दिसणारं चित्र नाही. वेळ असेल तर पुढे वाचा, कारण गडबड नेमकी कुठे होते ते कळलं की कुठल्याही साइटवर काम निभावतं.

साइटवर धूसर, डाउनलोड केल्यावर स्पष्ट

सर्वांत जास्त वेळा आढळणारं कारण हे आहे, आणि ते साधं गणित आहे. ब्लरचा जोर पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या बारीक ठिपक्यांत मोजतात. दहाचा ब्लर म्हणजे साधारण प्रत्येक ठिपक्याचा रंग आजूबाजूच्या दहा-दहा ठिपक्यांत मिसळणं. आता फोनचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो. कार्ड फ्रेमभर असेल तर आधारच्या नंबरातला एकेक आकडा सव्वाशे पिक्सेलच्या आसपास उंच येतो आणि त्याची रेघच दहा-पंधरा पिक्सेल जाड असते. साइट मात्र तो फोटो स्क्रीनवर ७००-८०० पिक्सेलचा करून दाखवते. त्या लहान चित्रात आकडा पंचवीस पिक्सेलचा आणि रेघ तीन पिक्सेलची. तिथे दहाचा ब्लर मारला की आकड्याचा पार धुरळा होतो. तोच दहाचा ब्लर मूळ मोठ्या फोटोला लागतो तेव्हा रेघेच्या कडा जरा मऊ होतात, बस्स. शून्य शून्यासारखं दिसतं, सात साताएवढंच तिरकं.

माझ्या दुकानात एक मुलगी आली होती, तिच्या घरमालकाने तिला उलट फोन करून सांगितलं होतं की "नंबर दिसतोय गं तुझा." ती म्हणाली, "दादा, मी ब्लर केला होता, हे बघा," आणि फोन पुढे केला. फोनवर खरंच काही दिसत नव्हतं. तीच फाइल मॉनिटरवर शंभर टक्क्यांनी उघडली. पहिल्या चार आकड्यांतले तीन मी न अडखळता वाचले, चौथ्याला डोळे बारीक करून मागे सरकलो तर तोही लागला. मागे सरकून बघणं हा धूसर अक्षरं वाचायचा जुना उपाय आहे, त्याला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो लहान होऊन जातो आणि ही चूक कधी कधी झाकली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की पूर्ण आकारात जातो. म्हणून "मित्राला पाठवला तेव्हा दिसत नव्हता, एजंटला पाठवला तेव्हा दिसला" असं होतं.

उपाय: आधी फोटो १२०० पिक्सेल रुंदीवर आणा, मग झाका. कार्ड वाचायला तेवढी रुंदी भरपूर झाली, अपलोडची मर्यादा असलेल्या फॉर्मांनाही ती सोयीची. ब्लरचा स्लायडर असेल तर तो शेवटापर्यंत ओढा. आणि डाउनलोड झालेली फाइल गॅलरीत उघडून दोन बोटांनी होता होईल तेवढी मोठी करून बघा.

आयफोनवर ब्लर दिसतो आणि सेव्ह केला की गायब

यात तुमची चूक नसते. साइटवर फोटो धूसर करून दाखवायचे दोन मार्ग असतात. एक, ब्राउझरला नुसतं सांगायचं की हे चित्र दाखवताना धूसर दाखव. हा काचेवर कागद लावण्याचा प्रकार, चित्राला धक्का लागत नाही. दुसरा, चित्राचे पिक्सेल खरोखर बदलून नवी फाइल बनवायची. ही फाइल बनवताना बऱ्याच साइट ब्राउझरमधल्या कॅनव्हास नावाच्या सोयीचा फिल्टर वापरतात. क्रोममध्ये तो चालतो. सफारीने तो वर्षानुवर्षं चालवला नाही, आणि आयफोनवरचा क्रोमही आतून सफारीच्याच इंजिनावर चालतो, त्यामुळे ब्राउझर बदलूनही फरक पडत नाही. साइट बनवणाऱ्याने आयफोनवर तपासलं नसेल तर समोर धूसर चित्र दिसतं आणि सेव्ह होतं ते मूळ चित्र. कुठलीही सूचना नाही, एरर नाही.

याचाच भाऊबंद म्हणजे सेव्ह केल्यावर पांढरी किंवा काळी कोरी फाइल मिळणं. आयफोनच्या सफारीत एका कॅनव्हासला सुमारे १ कोटी ६८ लाख पिक्सेलची मर्यादा असायची. ४८ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४ कोटी ८० लाख पिक्सेलचा फोटो त्यात मावतच नाही. फोटो लहान करून पुन्हा टाका.

आणि साइट फोटो घेतच नसेल तर तो बहुधा एचईआयसी प्रकारचा आहे. २०१७ च्या आयओएस ११ पासून अनेक आयफोन याच प्रकारात फोटो साठवतात. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कम्पॅटिबल निवडा, पुढचे फोटो जेपीईजीत येतील. आधीच काढलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या.

खरं तर स्क्रीनशॉट हा इथल्या अख्ख्या प्रकरणाचा तोडगा आहे. साइटवर धूसर चित्र दिसतंय ना, त्याचाच स्क्रीनशॉट काढून तो पाठवा. जे दिसतं तेच फाइलमध्ये येतं, मूळ फोटो मागे लपून येत नाही, लोकेशनही जात नाही. दर्जा थोडा उतरतो, पण आधार कार्डाला दर्जा कशाला हवा.

मोठा केला तरी वाचता येत नाही, मग झालं का काम?

डोळ्यांना वाचता येत नाही आणि कॉम्प्युटरला काढता येत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लर माहिती पसरवतो, पुसत नाही. साधा ब्लर, ज्याला साइटवर गॉसियन म्हणतात, तो ठरलेल्या सूत्राने रंग मिसळतो. सूत्र माहीत असेल तर उलट हिशेब बऱ्याच अंशी करता येतो. २००७ मध्ये इंटरपोलने एका फरार गुन्हेगाराचे फोटो जगासमोर ठेवले. त्याने स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा पिळून टाकला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पीळ उलटा फिरवला, चेहरा परत मिळाला आणि काही दिवसांतच तो थायलंडमध्ये पकडला गेला. तो पकडला गेला हे चांगलंच झालं. पण तंत्र आपल्या कार्डालाही तेच लागू होतं.

चौकड्यांचा मोझॅक जास्त सुरक्षित वाटतो. वाटतो, एवढंच. गाडीच्या नंबरप्लेटवरून बघा, कारण आमच्याकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पार्किंगच्या भांडणांत हे फोटो रोज पडतात. एमएच ४३ म्हणजे वाशी आरटीओ, एमएच ०४ म्हणजे ठाणे. सुरुवात न वाचताही कळते. पुढे एक-दोन अक्षरं, शेवटी चार आकडे. चार आकड्यांचे पर्याय फक्त १०,०००. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट असते, म्हणजे अक्षरांचा आकार आणि अंतरही ठरलेलं. आता कुणी अक्षरांच्या एकेका जोडीसाठी दहा हजार प्लेट कॉम्प्युटरवर बनवल्या, प्रत्येकीवर तोच मोझॅक मारला आणि तुमच्या फोटोतल्या चौकड्यांशी रंग ताडून पाहिला, की जुळणारी प्लेट वर येते. मोझॅक उलटवायची गरजच नाही, सरळ मारून बघायचा. डेपिक्स नावाचं फुकट साधन २०२० मध्ये आलं, ते पिक्सेल केलेली अक्षरं अशाच ताडण्याने काढतं. अनरिडॅक्टर हे २०२२ मध्ये आलेलं तसंच दुसरं साधन. कोन तिरका असेल, फोटो रात्रीचा असेल तर हे जड जातं हे खरं. स्कॅन केलेल्या किंवा सरळ वरून काढलेल्या कार्डाचं तसं नसतं, तिथे अक्षरं अगदी नेमकी उभी असतात.

आधारमध्ये तर एक आयती मदत दडलेली आहे. बारावा आकडा स्वतंत्र नसतो, तो आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला ताळा असतो. पहिला आकडा ० किंवा १ कधीच नसतो. म्हणजे अंदाज करणाऱ्याला दहातले नऊ चुकीचे पर्याय न बघताच बाद करता येतात.

म्हणून काळी पट्टी. पट्टीखाली रंग मिसळलेला नसतो, तिथे काहीच उरत नाही.

काळं फासूनही दिसतंय

फोनमध्ये खरडायला दिलेलं हायलायटर किंवा मार्कर अर्धपारदर्शक असतं. चार वेळा फिरवलं की डोळ्यांना काळं दिसतं, पण खालच्या आकड्यांचा किंचित फरक फाइलमध्ये शिल्लक राहतो. एडिटमध्ये जाऊन ब्राइटनेस, एक्सपोजर आणि शॅडो पूर्ण वाढवा, काळ्यातून आकडे वर येतात. तुमच्याच एखाद्या जुन्या फोटोवर करून बघा, मी दुकानात हेच करून दाखवतो, लगेच पटतं. पेन वापरायचं, किंवा त्याहून चांगलं म्हणजे आकारांमधला भरीव चौकोन.

नंबर झाकला, क्यूआर राहिला

हे मला रोज दिसतं आणि रोज सांगावं लागतं. नंबरवर झकास पट्टी आणि शेजारी भलामोठा क्यूआर कोड उघडा. आधारच्या आताच्या क्यूआरमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि शेवटचे चार आकडे असतात. जुन्या कार्डांवरच्या क्यूआरमध्ये तर सगळेच्या सगळे बारा आकडे उघड लिहिलेले असत, कुठल्याही साध्या स्कॅनरने वाचता येतील असे. घरातल्या मोठ्यांची कार्डं बहुतेक अशीच आहेत.

त्यावर पेनाची एक फुली मारून चालत नाही. क्यूआर बनतानाच असा बनवतात की थोडा फाटला, मळला तरी वाचला जावा. सर्वांत दणकट प्रकारात जवळपास ३० टक्के भाग गेला तरी तो वाचला जातो. हलका ब्लर त्याला पुरत नाही. पूर्ण चौकोन झाका. सोबत १६ आकडी व्हीआयडी (आधार नंबराऐवजी वापरायचा नंबर) छापलेला असेल तर तोही, आणि मागची बाजू पाठवत असाल तर तिथला नंबर विसरू नका. लांब कागदी आधारवर नंबर एकापेक्षा जास्त ठिकाणी असतो. पॅनवर २०१७-१८ पासून क्यूआर आहे, तिथेही हेच.

पट्टी मारली, पण मूळ फोटो सोबतच गेला

आयफोनच्या फोटो अ‍ॅपमध्ये केलेला बदल नंतर रिव्हर्ट करता येतो, कारण मूळ फोटो आत जपलेला असतो. नेहमीच्या पद्धतीने पाठवलात तर बदललेलाच जातो. एअरड्रॉप करताना ऑप्शन्समध्ये ऑल फोटोज डेटा चालू असेल तर मूळ फोटो आणि बदलांचा इतिहास दोन्ही समोरच्याकडे.

पीडीएफवर काळा चौकोन काढणं फसवं असतं. स्कॅन नसलेल्या, म्हणजे डाउनलोड केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं चौकोनाखाली जशीच्या तशी असतात, निवडून कॉपी केली की नोटपॅडमध्ये उमटतात. बँक स्टेटमेंट आणि सॅलरी स्लिप पाठवताना हे फार होतं. पान चित्र म्हणून काढा, त्यावर पट्टी मारा, मग हवं तर पुन्हा पीडीएफ करा.

कापलेल्या स्क्रीनशॉटचीही एक गोष्ट आहे. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की गुगल पिक्सेल फोनचं मार्कअप आणि विंडोज ११ चं स्निपिंग टूल, दोन्हीकडे कापून टाकलेला भाग फाइलच्या शेपटीला शिल्लक राहत होता आणि परत काढता येत होता. आता ते दुरुस्त झालंय. त्याआधी कापून कुठे टाकलेले स्क्रीनशॉट मात्र आपोआप दुरुस्त होत नाहीत.

मग करायचं कुठे?

आधारपुरतं बोलायचं तर कुठेच नाही. मायआधारच्या सरकारी साइटवर लॉगिन करून ई-आधार उतरवताना मास्क्ड आधारवर टिक करा. पहिले आठ आकडे क्रॉस होऊन येतात, शेवटचे चार दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष. दुकानातल्या कॉम्प्युटरवर काढलंत तर डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन तुमच्यासमोर रिकामं करून घ्या. माझ्या दुकानातसुद्धा.

विंडोजवर असाल तर पेंट आहेच. चौकोन निवडा, फिल सॉलिड, दोन्ही रंग काळे, ओढा, जेपीईजी म्हणून सेव्ह करा. मॅकच्या प्रीव्ह्यूमध्ये पीडीएफसाठी रिडॅक्ट नावाची खास सोय आहे, ती खालची अक्षरं खरोखर काढून टाकते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो पाठवण्याआधी पेन्सिलवर टॅप केलं की ब्रशच्या पर्यायांत चौकड्यांचा ब्रश मिळतो. मुलांच्या चेहऱ्यांना तो उत्तम, नंबरांना साधं जाड काळं पेन.

वेबसाइटच हवी असेल तर आधी बघायचं की फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातो की तुमच्याच ब्राउझरमध्ये राहतो. याची परीक्षा सोपी आहे: साइट पूर्ण उघडू द्या, मग फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद, आणि मग फोटो निवडून ब्लर करून डाउनलोड करा. सगळं झालं तर काम फोनवरच होतंय. अडकलं, चक्र फिरत बसलं तर बहुधा फोटो बाहेर जात होता. फोटोपिया या परीक्षेत पास होते. दिसायला फोटोशॉपसारखी आहे, जाहिराती असतात, पण चित्र तुमच्याच मशीनवर राहतं. फाइल, ओपन, चौकोनी सिलेक्शनने भाग निवडा, एडिटमध्ये फिल, काळा रंग. चेहऱ्यासाठी फिल्टर, पिक्सेलेट, मोझॅक, किंवा फिल्टर, ब्लर, गॉसियन. शेवटी फाइल, एक्स्पोर्ट अ‍ॅज, जेपीजी. सेव्ह अ‍ॅज पीएसडी (फोटोशॉपची फाइल, थर वेगवेगळे ठेवणारी) करू नका. वेगळ्या लेयरवर, म्हणजे थरावर पट्टी मारली असेल तर पीएसडीमध्ये ती उचलली की खाली मूळ चित्र हजर.

इमेज स्क्रबर नावाचं एक छोटं पान आहे, तेही ब्राउझरमध्येच चालतं, सोबत फोटोतली लोकेशन वगैरे माहिती काढून टाकतं. मोर्चे, शोभायात्रा यांच्या फोटोंसाठी ते बरं. पाडव्याला ठाण्यातल्या कोपिनेश्वराच्या स्वागतयात्रेचे फोटो टाकताना लेझीम खेळणाऱ्या मुलांचे चेहरे झाकायचे असतील तर पन्नास चेहऱ्यांवर हाताने ब्रश फिरवणं जिवावर येतं. सिग्नल अ‍ॅपमध्ये २०२० पासून चेहरे आपोआप शोधून ब्लर करायची सोय आहे. बाजूने दिसणारे, फेट्याखालचे चेहरे तिच्या नजरेतून सुटतात, तेवढे बोटाने भरा. आणि मुलाच्या शर्टावर शाळेचं नाव असेल तर चेहरा झाकून फार काही साधत नाही.

उघडा फोटो आधीच गेला असेल तर

व्हॉट्सअ‍ॅपवर डिलीट फॉर एव्हरीवन सुमारे अडीच दिवसांपर्यंत चालतं. समोरच्याकडे आयफोन असेल आणि फोटो गॅलरीत आपोआप सेव्ह होत असतील तर तिथली प्रत तशीच राहते, ती त्याला सांगूनच काढून घ्या. ग्रुपवर गेला असेल तर अ‍ॅडमिनलाही डिलीट करता येतं. आधार असेल तर मायआधारवर बायोमेट्रिक लॉक लावून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. लॉक असताना तुमच्या बोटाच्या ठशाने कुठेही व्यवहार होत नाही. रेशन दुकानात किंवा सिमसाठी अंगठा द्यायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडता येतं.